सात सदस्य, सात दिवे आणि ओढा

आमच्या ग्रामपंचायतीत काहीही आलं की त्याचे सात वाटे होतात. सदस्य सात आहेत म्हणून. कचऱ्याचे डबे आले तेव्हा सात वाटे, सिमेंटची बाकडी आली तेव्हाही सात. त्यातलं एक बाकडं एका सदस्याच्या ओट्याला टेकलंय आणि त्याच्यावर उन्हाळाभर कुरडया वाळतात. डासांच्या धुराचं मशीन एकच आलं, ते काही कापता येईना, म्हणून प्रत्येकाच्या घरी आठवडा आठवडा ठेवायचं ठरलं आणि तिसऱ्या घरात गेल्यावर ते बंद पडलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः त्या सातांमधली एक आहे. माझ्या वाट्याचा कचऱ्याचा डबा आमच्या विहारामागं आहे आणि तो मीच मागून घेतलाय.

मी सदस्य कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमची वस्ती बौद्ध लोकांची, गावाच्या खालच्या अंगाला. त्या वेळी वस्तीची जागा राखीव होती, तीही बाईसाठी. वस्तीत माझ्यापेक्षा हुशार आणि बोलणाऱ्या निदान चार बायका होत्या. पण अर्जाला जातपडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते एकट्या माझ्याकडं तयार होतं, कॉलेजच्या ॲडमिशनला काढलेलं. बाकीच्यांपैकी कुणाला त्यासाठी हेलपाटे घालायचे नव्हते, प्रत्येक हेलपाट्याला एक रोज बुडतो. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेवीस वर्षांची, बीकॉम झालेली, घरी मुलांच्या शिकवण्या घेणारी. बिनविरोध आले. पहिल्या मीटिंगला मी वही नेली, दोन रंगांची पेनं नेली, सगळं लिहून घेतलं आणि शेवटी कळलं की त्या दिवशी काहीच ठरलेलं नाही.

गाव मोठं नाही. एकीकडं पिरंगुटच्या कंपन्या, दुसरीकडं भरे गावाची शेतं आणि मधे, मोठ्या रस्त्यापासून आत, आम्ही. फाट्यावर बस थांबते. तिथून गावात यायला चालत पंधरावीस मिनिटं लागतात आणि त्यातली मधली सगळी वाट घरांशिवायची. आधी शेतं, मग ओढा, ओढ्यावर मोरी म्हणजे नळ्या टाकून केलेला छोटा पूल, मग दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपं माजलेली आणि मग गावातलं पहिलं घर. मोरीचा कठडा एका पावसात वाहून गेला तो गेलाच. दिवसा त्याचं कुणाला काही वाटत नाही. गुरं जातात, शाळेची मुलं जातात. पण पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला बंगल्यांची साइट सुरू झाली तेव्हापासून त्याच वाटेनं खडीचे डंपर जायला लागले आणि ते संध्याकाळीच जास्त जातात.

माझी ताई त्याच वाटेनं कामावरून येते. पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगला आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बारावीनंतर लगेच लागली, माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फी तिच्या पगारातून गेली. ती फार बोलत नाही. पण कंपनीतलं एक ती दोनदोनदा सांगायची, की सुपरवायझर म्हणालाय, नव्या वर्षात तुला पॅकिंगवरून चेकिंगच्या टेबलाला घेतो. म्हणजे बसून काम. म्हणजे मशीनचं शिकायला मिळणार. आणि घरात तिच्या लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, चेकिंगला लागू दे, मग बघू.

दिवाळीनंतर अंधार लवकर पडायला लागला. ओव्हरटाइम करून आली की तिची बस साडेसातला फाट्यावर यायची. अशाच एका संध्याकाळी ती आणि अजून दोघी मोरीवर असताना समोरून डंपर आला. त्याच्या लाइटनं डोळ्यांपुढं काही दिसेना. तिघी कडेला सरकल्या, आणि कड जिथं संपते तिथं ताईचा पाय गेला. ओढा कोरडा होता, खाली घाणेरी होती, म्हणून गुडघ्यावर आणि कोपरावर निभावलं. डंपर थांबला नाही. तिचा डबा गडगडत कुठं गेला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

आमचे वडील, आण्णा, भुकूमला एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांची ड्युटी सुटून ते गाडीवरून घरी येईपर्यंत साडेआठ वाजतात, त्यामुळं तिला आणायला ते जाऊ शकत नाहीत. मी आठवडाभर गेले, मोबाइलची बॅटरी लावून फाट्यावर उभी राहिले. तर आण्णा आईला म्हणाले, "आदी एकीची काळजी हुती, आता दोघींची." मग त्यांनी ताईला सांगून टाकलं. आवाज न चढवता सांगितलं, ते जास्त वाईट असतं.

"हा म्हैना कर. तवर वढ्यावर दिवा लागला तर जा. न्हाई लागला तर बास. मग स्थळं बगायची."

ताई म्हणाली, "बरं."

आणि माझ्याकडं बघितलं. कारण दिवे येणार होते, हे मीच घरी सांगितलं होतं.

तेच सांगायचंय. त्या महिन्यात पंचायतीनं सौरदिवे घेतले होते. एक खांब, वर काचेची पाटी, खाली पेटीत बॅटरी. वायर नको, मीटर नको, खड्डा करायचा आणि उभा करायचा. पैशाचं असं असतं की सरकारकडून येणारा पैसा दोन खिशांतून येतो. एका खिशातला फक्त पाण्याला आणि स्वच्छतेला, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. दुसऱ्या खिशातला गावाला लागेल त्याला. घरपट्टी म्हणाल तर ती अर्धं गाव मार्चमध्येही भरत नाही. तर त्या दुसऱ्या खिशात दिव्यांपुरतं काहीतरी निघालं आणि दिवे किती घ्यायचे यावर चर्चाच झाली नाही. सात. मी इतकी खूश होते की मीटिंगच्या आधीच वस्तीच्या ग्रुपवर टाकून दिलं, दिवे येतायत, विहारापुढं एक नक्की. तीन अंगठे आणि एक हात जोडलेला, असं उत्तर आलं.

मग ताई पडली, आणि मला आठ दिवे हवे झाले.

मासिक सभेत मी विषय मांडला. सरपंच पन्नाशीचे आहेत, घरची बरीच जमीन, थोडी विकली, थोडी करतात. माणूस बरा आहे. ते लगेच म्हणाले की वढ्याला दिवा पायजेच, त्यात वाद न्हाई. सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला की डंपरवाले लई माजल्यात. दुसरा म्हणाला की त्याची म्हैस तिथंच घसरली होती. पाच मिनिटं सगळे माझ्याच बाजूनं बोलत होते आणि मला वाटलं झालं काम. मग सरपंचांनी विचारलं की मग कुणाच्या वाट्यातला लावायचा, आणि सगळे चहाकडं बघायला लागले.

अडचण काय होती तीही सांगते, कारण ती खोटी नव्हती. सौरदिव्याची बॅटरी चोरीला जाते. शेजारच्या गावात गेल्या होत्या. म्हणून दिवा घरापुढं लावतात, कुणाचं तरी लक्ष राहतं. ओढ्यावर घर नाही, म्हणजे राखण नाही. आणि घर नाही म्हणजे मतही नाही, हे कुणी बोललं नाही पण ते खोलीत होतंच. त्या मोरीचा कुठलाच सदस्य नाही. सगळे वॉर्ड घरं मोजून पाडलेत आणि ओढा मधेच राहिलाय.

उपसरपंच माझ्या समोर बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणतात. घरामागं त्यांनी दहा खोल्या बांधून कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिल्यात आणि त्यांचा दिवा त्या खोल्यांच्या गेटवर लागणार होता, जिथं एक बल्ब आधीच होता. ते म्हणाले, "पोरी, तुज्या वाट्याचा हाय की एक. लाव तितं. तुला कोण नगं म्हणतंय."

"वस्तीत एकच दिवा येतोय नाना."

"आमाला काय दोन येत्यात? आन बहिणीसाठी मागतीस तर तसं सरळ म्हण की."

"व्हय, बहिणीसाठी पण," मी म्हणाले. "ती त्या बसला एकटी नसती."

नाना हसले, बाकीचेही हसले, आणि विषय माझ्या निर्णयावर ठेवून सभा संपली. ठरावात लिहिलं, ओढ्यावरील दिव्याबाबत संबंधित सदस्य विचार करतील. संबंधित सदस्य म्हणजे मी.

मी विचार केला. खरं तर फार नाही केला, मला एकदा काही सुचलं की मी थांबत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे सतरंजीवर बसलेलेच होते, तेव्हा उभी राहिले आणि सांगितलं की आपला दिवा मी ओढ्यावर देतेय. ज्या ग्रुपवर तीन अंगठे आले होते त्याच माणसांनी आता माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बसावंसं वाटलं. आमच्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ आहेत, तात्या, विहाराचं सगळं तेच बघतात. ते म्हणाले की म्हणजे गाव उजेडात चालणार आन आपण हितं मेणबत्त्या लावायच्या. हशा झाला. एका काकूनं मागून म्हटलं की घरची बहीण हाय म्हणून सुचलं हो हे. हे मला अपेक्षित होतं आणि तरी लागलं. आई भिंतीला टेकून बसली होती, एरवी ती माझ्या बाजूनं बोलते, त्या दिवशी पदराची कड बघत राहिली.

मग वस्तीतलीच एक मावशी, तिची मुलगीही त्याच बसनं येते, ती म्हणाली की माझी पण पडायची वाट बघायची का. शेवटी तात्या म्हणाले, लाव, पण पुढच्या खेपंला वस्तीला दोन मागून घ्यायचे, एक न्हाई, दोन. मी हो म्हटलं. पुढच्या खेपेला दिवे येणार का, आले तर मी असणार का, काहीच माहीत नसताना हो म्हटलं.

सोमवारी सकाळी मी पंचायतीत गेले. ग्रामसेवक आमच्याकडं आठवड्यातून तीन दिवस असतात, त्यांच्याकडं दुसरंही गाव आहे. त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. पुणे शहरातले, बोलणं स्वच्छ, डोळे मोबाइलवर. मी सांगितलं की माझा दिवा ओढ्यावर लावा. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा हलवता येणार नाही."

मला वाटलं नानांनी काहीतरी करून ठेवलं. तसं नव्हतं. भाऊसाहेबांनी समजावून सांगितलं, तिसऱ्या वेळी मला समजलं. त्या दुसऱ्या खिशातून सहाच दिव्यांचे पैसे निघत होते. सातवा कुठून आणायचा? तर पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पंधरा टक्के भाग मागासवर्गीय वस्तीवर खर्च करावाच लागतो. त्यातून सातवा दिवा घेतला आणि तो माझ्या नावावर टाकला. वस्तीच्या पैशाचा दिवा वस्तीच्या बाहेर लावला तर ऑडिटला भाऊसाहेबांची मान अडकणार.

मी म्हटलं, "म्हणजे सहा जणांना सहा मिळाले, आणि मला आमचाच मिळाला."

"असं का घेता तुम्ही? सगळ्यांना एकेक आला ना शेवटी."

राग आला होता की हसू, ते आता नक्की सांगता येणार नाही. वस्तीच्या पंधरा टक्क्यांतून वस्तीला काहीही घेता आलं असतं, गटार, विहाराची फरशी. आणि सरकारच्या पैशातला वस्तीचा वाटा वेगळा आलाच असता. ते दोन्ही मिळून एक दिवा झाला होता आणि वाटणी बरोबर दिसत होती. मी सरपंचांना गाठून हे सांगितलं. त्यांनी मान डोलवली. म्हणाले, "तुजं बराबर हाय. पण आता सा दिव्यांचं सात तुकडं करू का? पुढच्या बारीला ध्यानात ठिवू." मी ते लिहून त्यांची सही घेतली, त्यांनी हसत हसत केली. तो कागद अजून आहे, पुढची बारी अजून आलेली नाही.

वस्तीत ही बातमी माझ्या आधी पोचली. दिवा वस्तीतच राहणार म्हटल्यावर तात्या खूश, काकू खूश, आणि माझ्या त्यागाची हवा एका दिवसात गेली. महिन्याचे मोजके दिवस राहिले होते.

संध्याकाळी ताई आली, हातपाय धुतले, जेवायला बसली. मी तिला सगळं एका दमात सांगितलं, खिसे, टक्के, ऑडिट, सही. तिनं ते सगळं भाकरी खात ऐकलं. मग म्हणाली, "बरं झालं. वस्तीचा वस्तीत ऱ्हाऊ दे. तू आपला कशाला दिला हुता?"

"मग कुणाचा घेऊ? कोण देणार हाय?"

"बसला आमी आठ जणी असतो. त्यातल्या पाच नानांच्या खोल्यांतल्या हायेत."

मला लगेच काही उमगलं नाही. मी म्हटलं की त्यांची इथं मतं नाहीत, त्या लातूरकडच्या, परभणीकडच्या, त्यांचं नाना कशाला ऐकतील. ताईनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "मतं न्हाईत. भाडं हाय."

बसमध्ये त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हते. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या पाच जणी आणि ताई नानांच्या पडवीत गेल्या आणि मी मागं मागं गेले, सदस्य म्हणून नाही, बघायला म्हणून. नाना खुर्चीत बसून दाढी करत होते, आरसा खिडकीत ठेवलेला. त्यांनी आरशातच आम्हाला बघितलं.

पाच जणींतली सगळ्यात मोठी, चाळिशीची, लातूरकडची, तिनं सुरुवात केली. "नाना, पुढच्या महिन्यात आम्ही खोल्या सोडावं म्हणलावं. आधी सांगितलेलं बरं."

नानांनी वस्तरा खाली ठेवला. "का गं बाई? पाणी येतंय, लाइट हाय. काय कमी हाय?"

"खोलीत हाय लाइट. वाटंत नाही."

"मंग पिरंगुटात जानार? तितं भाडं काय हाय ठावं हाय का? दुप्पट घेत्यात."

"घेऊ द्या. तिघी तिघी मिळून राहतावं. बस दारात येती."

नाना म्हणाले की असं एकदम कसं सोडता, वर्ष झालं राहताय, घरच्यासारख्या. त्यावर एकजण हळूच म्हणाली की घरच्या बायका अशा वाटंनं येतात का. नानांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. आतून त्यांची बायको बाहेर आली, हातात पिठाची परात. "अहो, मागच्या खोल्या वरीसभर मोकळ्या पडल्या हुत्या, इसरलात व्हय? कोण येत नव्हतं. मी झाडून झाडून दमले. द्या तो दिवा. गेटला हाय की बल्ब."

"तू आत जा," नाना म्हणाले. ती गेली नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "हे तू शिकिवलंस ह्यास्नी."

"मी न्हाई नाना. मला तर सुचलंच न्हाई. ताईनं."

ताई तुळशीकट्ट्याजवळ उभी होती, ओढणी नीट करत. नानांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं, गुडघ्याकडंही बघितलं बहुतेक. "बरं हाय तुमचं. एक पंचाईतीत बोलती, दुसरी बसमदी." मग दोन अटी घातल्या. खांबावर त्यांचं नाव पाहिजे. आणि बॅटरी चोरीला गेली तर त्यांच्याकडं परत काही मागायचं नाही. पाचही जणी एकदम हो म्हणाल्या. निघताना लातूरकडची बाई म्हणाली, नाना, तुमच्या गालाला साबण हाय अजून.

खांब उभा करायला ठेकेदाराची दोन माणसं आली, हिंदी बोलणारी. मोरीच्या गावाकडच्या टोकाला खड्डा घ्यायचा होता, तर दोन फुटांवर दगड लागला. पहारीनं दुपार गेली. मी तिथं चार वेळा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी फोटो काढले, सगळे एकसारखेच. खांब किंचित ओढ्याकडं कललाय, सिमेंट सुकण्याआधी कुणीतरी मोटारसायकल टेकवली म्हणून. नानांचं नाव लाल रंगात, पेंटरकडून, अक्षर मोठं. महिना संपायला दोन दिवस होते. त्या संध्याकाळी आण्णा गाडीवरून येताना मोरीवर थांबले, वर बघितलं, घरी आले आणि हेल्मेट काढता काढता म्हणाले, "लागला." बस. ताई कामाला जात राहिली.

डंपर येतात तसेच येतात. पण आता लांबूनच कळतं की वाटेवर माणसं आहेत, त्यांनाही आणि आपल्यालाही. कठड्याचा ठराव मी दिलाय, तो अंदाजपत्रकात गेलाय असं भाऊसाहेब म्हणतात.

पण इथं संपलं असतं तर मी हे सगळं लिहायला बसले नसते. झालं असं की आमच्या गावात पोरांना संध्याकाळी बसायला जागा नाही. देवळाच्या पारावर म्हातारे, शाळेला कुलूप, आणि ती सात बाकडी सात सदस्यांच्या दारात. गावापासून थोडं लांब, घरच्यांच्या नजरेआड आणि तरी भरपूर उजेड, अशी एकच जागा आता तयार झाली होती. आठवड्याभरात मोरीवर चार पोरं बसायला लागली, मग आठ. मोबाइलवर गेम, गुटख्याच्या पुड्या, गाणी. वाढदिवस तर तिथंच. गाडीच्या सीटवर केक, फेसाचा फवारा, कापून झाल्यावर अर्धा केक एकमेकांच्या तोंडाला. सरपंच सभेत म्हणाले की चला, बॅटरीची काळजी मिटली, फुकटात राखण झाली, आणि सगळे हसले. मीही हसले. खरंच ती बॅटरी अजून आहे.

बायका तिथून जाताना पोरं गप्प बसायची. एखादा मुद्दाम गाण्याचा आवाज वाढवायचा. एकदा लातूरकडच्या बाईनं एकाला थांबून विचारलं की तुझी आई कुठल्या गल्लीत राहते रे, तेव्हापासून तो आवाज कमी करतो. एवढंच. ताईनं घरी यातलं काही सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

मग एका वाढदिवसाला आण्णा लवकर सुटले. मोरीवर पाच-सहा गाड्या आडव्या, हॉर्न चाललेले, पोरं रस्त्यात नाचतायत आणि त्याच्या मधून ताई आणि बाकीच्या जणी डबे सांभाळत वाट काढतायत, हे त्यांनी पलीकडून बघितलं. गाडी बाजूला घेऊन थांबले, त्या पुढं गेल्या, मग आले. घरात आले ते चपला न काढता.

"उद्यापासनं न्हाई," ते म्हणाले. "अंधार हुता तवा गाडीची भीती. आता उजेड झाला तर ही गर्दी. बास झालं."

मी बोलायला सुरुवात केली की मी सभेत विषय घेते, पोलीस पाटलांना सांगते, पोरांच्या घरी जाते. ताई मला म्हणाली, "तू गप." मी गप्प बसले, जे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

"आण्णा, तुमी काय म्हणला हुता?" ती म्हणाली. "दिवा लागला तर जा, म्हणला हुता. दिवा लागला."

"तवा पोरं नव्हती."

"आज पोरं उठवली तर उद्या कुत्री निघतील. मंग पाऊस निघंल. दर म्हैन्याला एक नवीन अट हुईल आन मी हितं बसलेली असंन. अट तुमी घातली, ती आमी पुरी केली. आता दुसरी घालायची न्हाई."

आण्णा चपला काढायला वाकले. वाकलेलेच म्हणाले, "आन काय झालं तर?"

"झालं तर सांगन. पयलं तुमालाच सांगन, हिला पण न्हाई."

माझ्याकडं बोट केलं तिनं, हिला म्हणताना. आण्णांनी चपला दाराबाहेर ठेवल्या, एक सरळ, एक उलटी, परत वाकून ती सरळ केली. टीव्ही लावला, बातम्या चालू होत्या, त्या तशाच चालू दिल्या. बऱ्याच वेळानं आईला म्हणाले, "वाढ गं."

पोरांच्या घरी मी पुढच्या आठवड्यात गेले, त्यातली दोन घरं सरळ बोलली, एकानं दार लावलं. गाड्या आडव्या लावणं कमी झालं, बंद नाही झालं. चेकिंगच्या टेबलाचं सुपरवायझर अजून पुढच्या महिन्यात पुढच्या महिन्यात करतोय.

पण आण्णा 'उद्यापासनं न्हाई' म्हणाले त्या रात्री, ते जेवत असताना ताईनं पिशवीतून डबा काढला, घासला आणि सकाळी भरायला हाताशी लागावा म्हणून ओट्यावर पालथा घातला. आण्णांनी बघितलं. मग ताटातली भाकरी मोडली.